करिअर घरातून घडते: कुटुंबाचा आधार, भावनिक कौशल्ये आणि आपली तरुण पिढी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये पहिला प्रश्न असतो, "किती टक्के पडले?" आणि दुसरा, "आता पुढे काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेवर छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र घरात ठरते. जेवणाच्या ताटावर, मामाच्या फोनवर, कधी भांडणातून तर कधी कोणीच काही न बोलल्यामुळे ते ठरत जाते. हे उत्तर कसे ठरते आणि ते नीट ठरावे म्हणून घर आणि समाज काय करू शकतो, याचा विचार या लेखात आम्ही मांडत आहोत.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख ४३ हजार होती. त्यांपैकी सुमारे ६५ लाख ३१ हजार महाराष्ट्रात होते. त्याच जनगणनेत बौद्धांमधील साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर, म्हणजे देशाच्या सुमारे ७३ टक्के सरासरीपेक्षा बरीच पुढे होती. बाबासाहेबांनी शिक्षणाची जी ओढ लावली, त्याचे हे फळ आहे. पण शाळेत जाणे आणि आयुष्याचे काम सापडणे यांत मोठे अंतर आहे. पदवी हातात असूनही वर्षानुवर्षे अडकून पडलेली मुले-मुली आपल्या प्रत्येक वस्तीत दिसतात. त्यांच्यात हुशारी कमी नसते. कमी पडते ती वाट दाखवणारी, धीर देणारी आणि अपयश पचवायला शिकवणारी व्यवस्था. ही व्यवस्था पहिल्यांदा घरातच उभी राहते.

करिअर म्हणजे एक नोकरी नव्हे

आपल्याकडे 'करिअर' म्हणजे एकदाची लागलेली नोकरी, असा समज आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून वेगळी मांडणी केली. माणूस आयुष्यभर टप्प्याटप्प्याने आपले काम आणि त्या कामातली आपली ओळख घडवत जातो, असे त्यांचे म्हणणे. लहानपणी आवडीनिवडी आकार घेतात, तरुणपणी चाचपणी होते आणि मग माणूस एखाद्या क्षेत्रात स्थिरावतो. साधारण पंधरा ते पंचवीस हे वय चाचपणीचे. या वयात मूल दोन-तीन वाटा पाहून मागे फिरले तर तो भरकटलेपणा नसतो, ते त्या वयाचे कामच असते.

मार्क सॅविकास यांनी पुढे 'करिअरमधील जुळवून घेण्याची क्षमता' ही कल्पना मांडली. तिचे चार भाग आहेत: उद्याचा विचार करणे, आपल्या निर्णयाची जबाबदारी घेणे, नव्या वाटांविषयी कुतूहल असणे आणि अडचण आली तरी आपण मार्ग काढू हा विश्वास असणे. यातला एकही भाग शाळेच्या वेळापत्रकात नसतो. मूल तो घरी पाहून, बोलून आणि चुकत चुकत शिकते.

आधार चार प्रकारचा असतो

"आम्ही पोरांना काही कमी पडू दिले नाही," असे अनेक आई-वडील अभिमानाने सांगतात आणि ते खरेही असते. पण आधार म्हणजे फक्त पैसा नव्हे. समाजशास्त्रज्ञ जेम्स हाऊस यांनी १९८१ मध्ये सामाजिक आधाराचे चार प्रकार सांगितले. ते आपल्या घरांना लावून पाहू.

पहिला, प्रत्यक्ष मदत. फी, पुस्तके, अभ्यासाला जागा, डबा, प्रवासाचे पैसे. दुसरा, भावनिक आधार. मुलाचे ऐकून घेणे, त्याच्यावर विश्वास असल्याचे त्याला जाणवू देणे. तिसरा, माहितीचा आधार. कोणता अभ्यासक्रम कुठे आहे, अर्जाची मुदत कधी संपते, कोणते दाखले लागतात. चौथा, योग्य मूल्यमापन. म्हणजे कौतुकही खरे आणि टीकाही खरी, जेणेकरून मुलाला आपण नेमके कुठे आहोत ते कळते.

आपल्या पहिल्या पिढीच्या घरांत पहिला आधार पोटाला चिमटा काढून दिला जातो. तिसरा मात्र अनेकदा नसतो, कारण आई-वडीलच त्या वाटेने गेलेले नसतात. दुसरा आणि चौथा देण्यासाठी शिक्षण लागत नाही, पैसाही लागत नाही. तरीही तेच दोन सर्वांत जास्त राहून जातात.

सुभेदार रामजींचे घर

या चारही आधारांचे उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागत नाही. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातील शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर तुटपुंज्या पेन्शनवर त्यांनी मुंबईत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत संसार मांडला आणि भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. खोली लहान, माणसे जास्त. रात्री सगळे झोपल्यावर शांतता मिळेल तेव्हाच अभ्यास शक्य होता. म्हणून रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून अभ्यासाला बसवत. पुस्तकासाठी पैसे नसले की ते विवाहित मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणत आणि पेन्शन मिळाल्यावर तो सोडवून देत. दोन मुलांचा खर्च झेपेना तेव्हा थोरले आनंदराव नोकरीला लागले आणि धाकट्याचे शिक्षण चालू राहिले.

इथे प्रत्यक्ष मदत आहे, भावनिक आधार आहे, इंग्रजी-गणिताचा पाया घरी पक्का करून घेण्याची शिस्तही आहे. शिवाय हा आधार एकट्या बापाचा नव्हता. बहिणींचे दागिने होते, भावाची नोकरी होती. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यात पुढाकार घेतला. घरात नसलेला माहितीचा आधार घराबाहेरच्या एका कल्याणमित्राने पुरवला.

आपल्या साहित्यातही अशी घरे आहेत. नरेंद्र जाधव यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' मध्ये फारसे न शिकलेला बाप मुलांसमोर उंच अपेक्षा ठेवतो, पण क्षेत्र निवडण्याचे स्वातंत्र्य देतो. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' मधली आई वडिलांच्या पश्चात बांबूची आयदाने विणून घर चालवते. आधार देण्यासाठी आई-बापाने पदवीधर असण्याची गरज नाही, हे या दोन्ही पुस्तकांतून दिसते.

धम्म काय सांगतो

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थांच्या विनयाचे सुत्त मानले जाते. त्यात आई-वडिलांची अपत्याविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: वाईटापासून रोखणे, चांगल्याकडे वळवणे, शिल्प म्हणजे उपजीविकेची विद्या शिकवणे, योग्य जोडीदार मिळवून देणे आणि योग्य वेळी वारसा सोपवणे. मुलाला पोटापाण्याची विद्या शिकवणे हे धार्मिक कर्तव्याच्या यादीत आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मंगल सुत्तातही बहुश्रुतता आणि शिल्प यांची गणना मंगलात होते.

अंगुत्तरनिकायातील व्यग्घपज्ज सुत्त आणखी पुढे जाते. गृहस्थाच्या या जन्मीच्या सुखासाठी त्यात चार गोष्टी येतात: कामातील उद्योगशीलता आणि कौशल्य, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि आय-व्यय पाहून समतोल जगणे. आजच्या करिअर मार्गदर्शनाच्या भाषेत सांगायचे तर कौशल्य, बचत, चांगले संबंध आणि आर्थिक शिस्त. यांच्या जोडीला अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका ठेवली की आपल्या मुलांना द्यायचा पाया तयार होतो.

भावनिक कौशल्ये म्हणजे नेमके काय

पीटर सालोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये 'भावनिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्या समजून घेणे आणि त्यांना योग्य वळण देणे, हे तिचे सार. ही जन्मजात देणगी नव्हे. सरावाने येणारी ही कौशल्ये आहेत, म्हणून ती शिकवता येतात.

या कौशल्यांची भाषा आपल्या परंपरेत आधीपासून आहे. सतिपट्ठानातील वेदनानुपस्सना आणि चित्तानुपस्सना म्हणजे सुखद-दुःखद संवेदना आणि मनाची अवस्था जशी आहे तशी ओळखणे. मुलाखतीच्या आधी छाती धडधडत असेल तर "मी नालायक आहे" असे न म्हणता "मला आत्ता भीती वाटते आहे" असे म्हणता येणे, हा त्याचा रोजच्या जगण्यातला उपयोग. पहिल्या वाक्यात माणूस स्वतःवर शिक्का मारतो. दुसऱ्यात तो येऊन जाणारी एक अवस्था ओळखतो.

संयुत्तनिकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराला दुःख झाले हा पहिला बाण. त्यावर शोक करत मनाने स्वतःला मारून घेतलेला तो दुसरा. परीक्षेत नापास होणे हा पहिला बाण आहे. "आता तोंड दाखवायला जागा नाही" हा दुसरा. पहिला प्रत्येकाला कधी ना कधी लागतो. दुसरा अनेकदा घरचेच मारतात, शेजाऱ्याच्या मुलाचे नाव घेऊन.

राहुलाला केलेल्या उपदेशात तथागतांनी आरशाचे उदाहरण दिले. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तिच्याकडे तपासून पाहावे, तिने आपले किंवा दुसऱ्याचे अहित होते का ते पाहावे, असा तो बोध आहे. बापाने मुलाला दिलेला हा धडा आहे आणि त्यात धमकी नाही, विचार करण्याची पद्धत आहे. अपयशानंतर "काय चुकले ते बघू" म्हणणारे घर हीच पद्धत शिकवत असते.

चार ब्रह्मविहारांपैकी मैत्री आणि करुणा यांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. करिअरच्या वयात मुदिता आणि उपेक्षा तेवढ्याच मोलाच्या आहेत. मुदिता म्हणजे मित्राला नोकरी लागली तर मनापासून आनंद होणे. ज्याला ती साधते तो मित्राकडून शिकतो, ज्याला साधत नाही तो मित्र टाळू लागतो. उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, तर यश-अपयशात तोल न जाऊ देणे.

विश्वास कसा तयार होतो

"आत्मविश्वास ठेव" असे सांगून आत्मविश्वास येत नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' या भावनेचे चार स्रोत मांडले: स्वतः केलेल्या कामात आलेले यश, आपल्यासारख्या माणसाला ते जमलेले पाहणे, विश्वासातल्या माणसाचे प्रोत्साहन आणि त्या वेळची मनाची-शरीराची अवस्था. याच विचारावर १९९४ मध्ये लेंट, ब्राऊन आणि हॅकेट यांनी करिअरच्या निवडीचा सिद्धान्त उभा केला. मूल जे क्षेत्र आपल्याला जमेल असे मानते, तिकडेच ते वळते. घरची परिस्थिती आणि समाजातील अडथळे त्या निवडीला आकार देतात.

यातला दुसरा स्रोत आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. ज्या वस्तीत कोणी वास्तुविशारद, संशोधक किंवा चार्टर्ड अकाउंटंट पाहिलेला नाही, तिथल्या मुलाला ते क्षेत्र सुचतच नाही. ते शिक्षक, पोलीस, तलाठी आणि स्पर्धा परीक्षा एवढ्यातच पाहते. यात त्या मुलाची चूक नाही. पुढे गेलेल्यांनी मागे वळून वस्तीत येण्याची गरज इथे आहे.

आपल्या घरांतील काही खास पेच

पहिला पेच स्पर्धा परीक्षांचा. पुण्यातल्या अभ्यासिकांत आपली हजारो मुले वर्षे घालवतात. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३७ वर्षांच्या वयोमर्यादेपर्यंत कितीही वेळा बसता येते. हा हक्क मोलाचा आहे, पण त्यामुळे थांबायचे कधी हे नियम सांगत नाही. ते घराला आणि मुलाला मिळून ठरवावे लागते. किती वर्षे, किती पैसे आणि नाही झाले तर दुसरी वाट कोणती, हे तयारी सुरू करतानाच बोलले गेले तर थांबणे म्हणजे हार वाटत नाही. बोललेच गेले नाही तर मूल घरी परतायला घाबरते आणि आई-बाप विचारायला घाबरतात.

दुसरा पेच कर्जासारख्या अपेक्षेचा. "तुझ्यासाठी आम्ही काय काय सोसले" हे वाक्य खरे असते, पण रोज ऐकवले की ते ओझे होते. त्या ओझ्याखाली मुले धोका पत्करत नाहीत आणि अडचणही सांगत नाहीत. कष्ट लपवू नयेत, पण त्यांची पावतीही रोज पुढे करू नये.

तिसरा पेच मुलींचा. मुलीला शिकवायचे हे आता आपल्या समाजाला मान्य आहे. पण तिने कुठे काम करावे, परगावी राहावे का, हे निर्णय अजून "सासरचे बघतील" यावर सोडले जातात. आपल्या निर्णयाची जबाबदारी घेण्याची क्षमता जिला माहेरी मिळाली नाही, तिच्याकडून ती पुढे अचानक कशी अपेक्षावी? मुलांचे दुःख वेगळे. "रडतोस काय बायकांसारखा" हे ऐकत वाढलेला मुलगा नैराश्यातही हसरा चेहरा ठेवतो आणि घराला फार उशिरा कळते.

सहनशीलता म्हणजे भावनिक कौशल्य नव्हे

इथे एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. भावनिक कौशल्यांची चर्चा अनेकदा अशा टोकाला जाते की सगळा दोष मुलाच्याच माथी येतो. "तूच मनाने खंबीर नाहीस." महाविद्यालयात आडनाव ऐकून बदलणारा आवाज, प्रवेशाचा 'प्रवर्ग' विचारून केलेली टिंगल, मुलाखतीतली तिरकस विचारणा, हे सगळे खरे आहे. दिल्लीच्या एम्समधील जातीय भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये ते अधिकृतपणे नोंदवले. रोहित वेमुलाच्या २०१६ मधील मृत्यूनंतर देशभर हाच प्रश्न विचारला गेला. हा प्रश्न मुलांच्या मनाचा नाही, संस्थांच्या वागण्याचा आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण इथेही मार्गदर्शक आहे. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढले गेले. त्या दिवशी त्यांना रडू आले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दुःख त्यांनी नाकारले नाही. मुंबईत येऊन ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केले आणि त्याच वर्षी अपुरे शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. भावना ओळखणे, तिला कामाचे वळण देणे आणि अन्यायाशी लढणे, या तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यात दिसतात. आपल्या मुलांना अन्याय गिळायला शिकवायचे नाही. अन्यायाला तोंड देताना स्वतः मोडून न पडायला शिकवायचे आहे.

घरात करता येण्यासारखे

आठवड्यातून एकदा, मोबाइल बाजूला ठेवून, मुलाशी अर्धा तास बोलावे. "किती अभ्यास झाला?" ऐवजी "या आठवड्यात कशात अडकलीस?" असे विचारावे. उत्तर आल्यावर लगेच उपदेश करू नये.

कौतुक निकालाचे नव्हे, प्रयत्नाचे आणि तेही नेमके करावे. "हुशार आहेस" पेक्षा "मागच्या वेळी राहिलेला धडा या वेळी पूर्ण केलास" हे जास्त उपयोगी पडते.

घरातले छोटे निर्णय मुलांना घेऊ द्यावेत. बँकेत पैसे भरणे, अर्ज स्वतः भरणे, चुकला तर स्वतः दुरुस्त करणे. जबाबदारी अशीच अंगवळणी पडते.

दाखल्यांची एक फाइल आठवीपासूनच तयार ठेवावी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, पण केंद्र आणि राज्य यांच्या जात प्रमाणपत्राचे नमुने वेगळे असतात. ऐन वेळी नमुना चुकल्यामुळे संधी हुकू देऊ नये.

मुलाची झोप उडाली, जेवण सुटले, तो माणसांत मिसळेनासा झाला किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर "नाटके करू नको" म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

विहार आणि समाज काय करू शकतात

जे घर माहिती देऊ शकत नाही, तिथे विहाराने ती द्यावी. बार्टीची स्पर्धा परीक्षा प्रशिक्षणे, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, या योजनांच्या अटी व मुदती दरवर्षी बदलू शकतात. समाजकल्याण कार्यालयातून ताजी माहिती घेऊन ती विहाराच्या फलकावर लावणे हे दोन तरुणांचे एका दुपारचे काम आहे.

रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा वस्तीतल्या किंवा नात्यातल्या एका कामकरी माणसाला बोलवावे. परिचारिका, वकील, इलेक्ट्रिशियन, सॉफ्टवेअर अभियंता, छोटा उद्योजक. त्यांनी यश सांगावे, तसे अपयशही सांगावे. वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्यात सिगालोवाद आणि व्यग्घपज्ज सुत्तांचे वाचन पालकांसाठी ठेवता येईल. आनापान सतीचा दहा मिनिटांचा सराव परीक्षेच्या काळात मुलांसाठी ठेवता येईल. १०० माणसांच्या सत्कार सोहळ्यापेक्षा नापास झालेल्या १० मुलांसोबत बसलेली एक संध्याकाळ जास्त कामाची ठरू शकते.

सत्कार जरूर व्हावेत. पण ज्यांना हार मिळत नाही, ती मुलेही आपलीच आहेत. रामजींनी रात्री दोन वाजता दिवा लावला तेव्हा त्यांना पुढे काय घडणार हे ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त मुलाला एकटे सोडले नाही. आपल्या घरांकडून आणि विहारांकडून तरुण पिढीची अपेक्षा यापेक्षा मोठी नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.